आधी पुसलेली फरशी

फार वर्षांपूर्वी डोंगराखालच्या एका पेठेत तेलाचा एक व्यापारी राहत होता. पुढे दुकान, मागे घर. त्याचं तेल चांगलं, माप चोख, म्हणून लोक त्याच्याकडेच यायचे.

एके सकाळी तेलाच्या बुधल्याला चीर गेली आणि दारातल्या दगडी फरशीवर तेल पसरू लागलं. आत कणीक मळणाऱ्या बायकोला ते दिसलं. ती म्हणाली, "अहो, तेवढं पुसून घ्या. कुणीतरी घसरेल."

"लग्नघरचं तेल मोजतोय. हे होऊ दे, मग बघतो," असं म्हणून तो मोजत राहिला.

तेवढ्यात एक कासारीण वाटीभर तेल घ्यायला आली. ही एकटी बाई बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. तिनं उंबरा ओलांडला, पाय सटकला आणि ती पेटीसकट आदळली. काचा चहूकडे उडाल्या. एक पाय गुडघ्याखाली भलताच वळला होता.

व्यापारी फडकं घेऊन धावत आला. तिच्याजवळ वाकून म्हणाला, "बाई, पाय जरा बाजूला घ्या."

आणि त्यानं तिच्या पायाखालची फरशी पुसली. वर राख टाकून पुन्हा पुसली. गळका बुधला आत नेऊन ठेवला. मग रस्त्यावर जाऊन हाक मारली, "या रे कुणीतरी, इथे एक बाई पडल्यात."

आतल्या दारात त्याची बायको कणकेच्या हातांनी उभी होती. तिला हलताच येईना. इतकी वर्षं ज्याला जेवायला वाढलं, तो माणूस आपल्याला ठाऊकच नव्हता असं तिला वाटलं.

प्रकरण पाटलाकडे गेलं. व्यापारी म्हणाला, "बाईंचा तोल गेला, त्याला मी काय करणार? फरशी कोरडी आहे. हवं तर येऊन पाहा."

पाटील आणि पंच पाहून आले. फरशी खरंच कोरडी होती.

तेव्हा व्यापाऱ्याची बायको पुढे आली. "कोरडी आहे, कारण यांनी पुसली. बाई खाली पडलेल्या असताना पुसली. तेल सांडलेलं सकाळीच आम्हा दोघांना दिसलं होतं. मीही उठून पुसलं नाही, ती माझी चूक."

व्यापारी हळूच म्हणाला, "तू माझी बायको ना?"

"म्हणूनच बोलले. त्या घरात मलाही राहायचंय."

पाटलानं पंचांनी फरशीवरून उचलून आणलेल्या काचांकडे पाहिलं. "शेठ, नुसतं तेल सांडलं असतं, तर मी समजून घेतलं असतं," तो म्हणाला. "आता या बाईंचं औषधपाणी, जेवणखाण सगळं तुमच्याकडे. बऱ्या होईपर्यंत त्या तुमच्याच घरी राहतील."

पाय जुळला, पण वाकडाच. गावोगाव फिरणं तिला पुन्हा जमलं नाही. मग व्यापाऱ्यानं दुकानाचा अर्धा ओटा तिला बांगड्या विकायला कायमचा दिला. त्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "बाई, मला माफ करा."

कासारीण म्हणाली, "मी करीन हो शेठ. पण पाय ऐकत नाही."

तात्पर्य एवढंच: आपल्या दारात आलेल्या माणसाची काळजी आपल्यावर असते, आणि तो पडलाच, तर आधी त्याला सावरावं, आपली बाजू नंतर.