ओर्का गप्प झाले तेव्हा

शके १८८३, चैत्र महिना. उत्तरेच्या थंड समुद्रात बर्फ नुकताच फुटला होता. मुलांनो, एकदाच सांगतो, नीट ऐका. देवमाशाची एक मादी आपल्या दूधपित्या पिल्लाला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघाली होती. वाटेत ओर्कांच्या टोळीने एका सीलला घेरलेले तिला दिसले. ओर्का म्हणजे काळेपांढरे शिकारी. टोळीने फिरतात आणि देवमाशाच्या पिल्लालाही सोडत नाहीत. तरी मादी मध्ये घुसली आणि उताणी होऊन सीलला तिने पोटावर उचलून घेतले.

"एवढ्याशा घासासाठी भांडतेस?" टोळीची म्हातारी म्हणाली. "बरं. आम्हाला मोठा घासही चालतो." तिची नजर पिल्लावर होती.

टोळी हटली. सील म्हणाला, "मावशी, हे उपकार फेडीन."

"तू? बघू. आधी उतर, मिशा टोचतात."

त्या दिवसापासून ओर्कांच्या शिट्ट्या मागे लागल्या. मादीला चैन पडेना. ती पिल्लाला झोपू देईना, थांबू देईना. पिल्लू इतके थकले की दूधही पिईना. मग एका दुपारी शिट्ट्या एकाएकी थांबल्या.

"गेले मेले," मादी म्हणाली. "टेक आता जरा."

तेवढ्यात सील धापा टाकत आला. "मावशी, उठा! ते गप्प झालेत."

"म्हणजे गेले."

"म्हणजे निघाले! शिकार नसते तेव्हा ते बडबडतात. आपल्यावर यायचं तर तोंड मिटून येतात. आपल्याला कान आहेत हे त्यांना ठाऊक आहे."

"मला शिकवतोस? तुझ्यापेक्षा माझी शेपटी मोठी आहे."

"आहे ना. पण तुम्हाला ते एकदा भेटले. मला रोज भेटतात."

मादीने वाद थांबवला. पिल्लाला डोक्याने ढकलत ती सीलमागे खडकांमधल्या उथळ पाण्यात शिरली. तिचे पोट खरचटले. वळून पाहते तो पिल्लू जिथे टेकले होते, तिथेच काळे उभे पर पाण्याबाहेर आले.

उथळ पाण्यात पिल्लाखाली शिरायला ओर्कांना जागा नव्हती. ते संध्याकाळपर्यंत घिरट्या घालत राहिले. अखेर म्हातारी वळली. टोळीच्या शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या आणि लांब लांब गेल्या.

"आई, आता झोपू?"

मादीने कान देऊन ऐकले. "हं. झोप."

"फिटलं, मावशी," सील म्हणाला आणि पाण्यात गेला.

तात्पर्य : वैरी ओरडत असेल तोवर झोपलात तरी चालेल; तो गप्प झाला की उठा.