येसाक्काची पट्टी

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणजीलाही जो फक्त ऐकून ठाऊक होता त्या काळात, उंबरगव्हाणची माणसं तांबळी नदीला आपली लेक मानत. पावसाआधी तिची पाठवणी व्हायची. बायका तिची ओटी भरत आणि मग पुरुष कोयते घेऊन दोन्ही काठ साफ करत. शेरणी, निर्गुडी, लव्हाळा, काही म्हणून ठेवत नसत. सासरी निघालेल्या लेकीचा पदर कशात अडकू नये, ही समजूत. पूर आला की नदी सुसाट सुटायची आणि जाताना काठाचा लचका तोडून न्यायची. गाव म्हणायचं, लेक माहेरचं काहीतरी नेणारच. आता अशा समजुतीपुढे कोण काय बोलणार!

काठावरचं पहिलं घर येसाक्काचं. बाई गोधड्या शिवायची आणि तिची जीभ सुईपेक्षा तिखट होती, असं म्हणतात. घरासमोरच्या शेरणीच्या झुडपांवर ती गोधड्या वाळत घालायची. एका वर्षी शिदोजी पाटील माणसं घेऊन तिथं आले, तशी ती आडवी आली.

"झुडपं तोडलीसा तर गोधड्या कुठं वाळवू? तुमच्या पागोट्यावर?"

पाटील शहाणे. हसले आणि तेवढा तुकडा सोडून पुढे गेले.

त्या वर्षी पूर असा आला की गावाचं खळं गेलं, चिंचा गेल्या, पाटलांचा मळा अर्धा गेला. येसाक्काच्या दारचा काठ मात्र जागचा हलला नाही. पाणी झुडपांत शिरलं की त्याची धाव मोडायची. झुडपं वाकायची, मुळं माती धरून ठेवायची, आणि थकलेलं पाणी अंगावरचा गाळ तिथंच टाकून पुढे जायचं. पूर ओसरल्यावर गाव तो मऊ काळा गाळ बघत उभं राहिलं.

"लेक दारात आली तर तिला बसाय पाट देत्यात का हाकलत्यात?" येसाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. खरं तर हे तिलाही तेव्हाच सुचलं होतं, पण ते कबूल करील ती येसाक्का कसली!

झालं, बाई चढली हरभऱ्याच्या झाडावर, आणि सगळं गाव तिच्या मागोमाग. पाणी उतरताच तिनं शेरणीच्या फांद्या खोवायला घेतल्या. या काठाला लावल्या, त्या काठाला लावल्या, आणि हात थांबेना म्हणून भर पात्रातही लावल्या. पुढच्या पावसापर्यंत तांबळी हिरवीगार झाली. पाणी कुठून जातं तेच दिसेना.

त्याच पावसाळ्यात येसाक्काची एकुलती लेक गोजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि त्याच दुपारी नदी फुगली. पात्रातली दाट झुडपं पाण्याला पुढे सरकू देईनात. पाणी मागं चढत चढत अंगणात आलं, मग उंबऱ्याला लागलं. सुईणीनं गोजराला माळ्यावर नेलं.

येसाक्काचं काळीज फाटलं. आपल्याच हातांनी आपण लेकीच्या दारात पूर आणला, हे तिला एका क्षणात कळलं.

"बसाय पाट द्यायचा हुता," ती रडत म्हणाली, "म्या दाराला कडीच घातली."

तिनं कोयता उचलला आणि ती पुरात उतरली. पाटील काठावरून ओरडले, "आक्का, मागं फिर!"

"मधली झुडपं म्या लावली, म्याच काढणार!"

असं म्हणतात, की ती शिरली तशी तांबळीनं श्वास रोखून धरला. पाणी तिच्या कमरेच्या वर चढलं नाही. बाईचा कोयता एका झुडपाला लागे आणि दहा झुडपं आपणहून मुळासकट वर येत. काठावरच्या शेरणीला मात्र तिनं हात लावला नाही. मधोमध वाट मोकळी झाली. माळ्यावर बाळ रडलं, आणि त्याच क्षणी नदीनं कोंडलेला श्वास सोडला. पाणी उंबऱ्यावरून उतरलं, अंगणातून गेलं, आणि काठाच्या झुडपांत निवांत झालं.

येसाक्का चिंब भिजून घरात आली तेव्हा गोजरा हसत होती. नात झाली होती. तिचं नाव तांबळीच ठेवलं.

येसाक्का जाऊन कैक पिढ्या झाल्या. गावात अजूनही पावसाआधी पुरुष पात्राचा मधला भाग मोकळा करतात आणि काठाच्या झुडपांना कोणी कोयता लावत नाही. पहिल्या बाळंतपणाला आलेली प्रत्येक लेक काठावर शेरणीची एक फांदी खोवते. झुडपांमागे साठलेल्या गाळाची आता लांबलचक पट्टी झाली आहे. ती कुणाच्याच मालकीची नाही. थंडीत तिच्यावर शेपू आणि मेथी पिकते आणि ती भाजी बाजारात जात नाही. ज्या घरात बाळंतीण असेल, त्या घराच्या उंबऱ्यावर सकाळी ताजी जुडी येऊन पडते. बाळंतिणीनं शेपूला नाक मुरडलं, तर घरातली म्हातारी ताट पुढे सरकवून एवढंच म्हणते, "खा गं बाई, येसाक्कानं धाडलंय."