वाघ नसताना दिलेली हाक

वानरांची पोरं शाळेत जात, त्या काळची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर म्हातारा हुप्प्या पिल्लांना धोक्याची हाक शिकवायचा. नियम एकच होता, वाघ दिसल्याशिवाय हाक द्यायची नाही.

एका सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि त्याच उंबराच्या बुंध्यावर घाव घालू लागली. वर्गातली टिकली दचकून म्हणाली, "आजोबा, हाक देऊ?"

"वाघ कुठाय? आधी नीट शीक, मग ओरड!" हुप्प्या खेकसला.

"वाघ एकालाच नेतो, आजोबा. उंबर गेला तर सावली जाईल, ओढा आटेल. मग जंगलात उरणार कोण?"

एवढं बोलून टिकलीनं हाक दिलीसुद्धा. तिच्यामागून सगळा वर्ग ओरडला. चितळं उधळली, मोर केकाटले. ही हाक माणसांनाही ठाऊक होती. "वाघ आला रे!" म्हणत ती कुऱ्हाडी टाकून पळाली.

"उद्या परत येतील ती," हुप्प्या पुटपुटला.

"मग आम्हीही उद्या ओरडू," टिकली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माणसं खरंच आली. पिल्लांनी तोंड उघडण्याआधीच शेंड्यावरून पहिली हाक घुमली. जरा घोगरी होती, म्हाताऱ्या गळ्याची.