सुरी अडून बसते

स्वयंपाकघरातली भांडीकुंडी माणसांशी भांडत असत, त्या काळची ही गोष्ट. वत्सलाबाईंनी ओट्यावरच्या कपाटाला लावायला एक दिवा आणला. काचेच्या दारामागचे कप लगेच ओरडले, "आत लावा! पाहुण्यांना आमची नक्षी दिसू दे."

खाली ओट्यावरची सुरी उसळली. जुना दिवा मागे, छताला होता. बाई चिरायला उभ्या राहिल्या की त्यांचीच सावली भाजीवर पडे. कालच त्या अंधारात तिनं बाईंचं बोट कापलं होतं आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

"दिवा कपाटाखाली लावा," ती म्हणाली. "नाहीतर आजपासून मी भेंडीसुद्धा चिरणार नाही."

"तोरा बघा हिचा!" कप हसले. "तुला बघायला कोण येतंय?"

"मला कुणी बघू नका. मला बोट दिसलं पाहिजे!"

बाईंनी आपल्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं आणि दिवा कपाटाखाली लावला.

संध्याकाळी पाहुणे आले. चहा ओतायला कप ओट्यावर उतरले, तेव्हा त्या उजेडात त्यांची नक्षी लखलखली. कप हरखून स्वतःकडेच बघत राहिले.

"झालं बघून?" सुरी म्हणाली. "मग सरका. पोह्यांचा कांदा चिरायचाय."