किरूचा दगड चाकाखाली

एक होता रातकिडा. नाव किरू. एवढासा. शेंगदाण्याहून जरा लहान.

त्याचं घर म्हणजे एक दगड. काळा, चपटा. दगडाखाली गार गार. किरू तिथे झोपायचा.

एकदा सकाळी किरूला जाग आली. डोळ्यांवर ऊन. डोक्यावर आभाळ. दगड नाही. घर नाही. वर एक कावळा फिरतोय. काव काव.

उतारावर सोपानदादाचा टेम्पो उभा होता. टेम्पोत कोबीचे गड्डे. चाकाखाली काय? चाकाखाली किरूचा दगड. सोपानदादाने उचलला आणि लावला. ना विचारलं, ना सांगितलं.

किरूला आला राग. मिशा थरथरल्या. निघाला टुण टुण टुण.

"दगडा दगडा, घरी चल."

दगड म्हणाला, "मी सुटलो तर चाक घरंगळेल. खाली कोंबड्या आहेत. आधी चाकाला थांबायला सांग."

टुण टुण टुण.

"चाका चाका, थांब ना.
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

चाक म्हणालं, "मला धरतो कोण? माझ्या पोटात लायनर आहे. त्याला पकडायला सांग."

किरू चाकाच्या भोकातून आत शिरला. आत काळोख. तिथे होता ब्रेकचा लायनर. त्याचं काम एकच. चाकाला घट्ट पकडायचं.

"लायनर लायनर, पकड ना.
लायनर पकडत नाही,
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

लायनर म्हणाला, "पकडू कसा? मी सगळा तेलकट. पकडलं की सटकतो. सुर्रर्र. आधी तेलाला जागेवर राहायला सांग."

टुण टुण टुण.

"तेला तेला, जागेवर राहा ना.
तेल राहत नाही,
लायनर पकडत नाही,
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

तेल म्हणालं, "टप टप. ब्रेकच्या नळीचं दारच उघडं, तर राहू कसं? आधी रबराला दार अडवायला सांग."

"रबरा रबरा, अडव ना.
रबर अडवत नाही,
तेल राहत नाही,
लायनर पकडत नाही,
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

रबर म्हणालं, "मला पडली चीर. नवं रबर बसवते हमीदाचाची. तिला यायला सांग."

हमीदाचाची टेम्पो दुरुस्त करते. तिचं गॅरेज वळणावर. किरू गेला टुण टुण टुण.

"चाची चाची, या ना.
चाची येत नाही,
रबर अडवत नाही,
तेल राहत नाही,
लायनर पकडत नाही,
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

चाची म्हणाली, "सोपानला सांगून सांगून दमले. तो म्हणतो, 'दगड आहे की.' आणि न बोलावता मी कुणाच्या गाडीला हात लावत नाही. त्याला बोलवायला सांग."

सोपानदादा चहा पीत होता. फुर्र फुर्र.

"दादा दादा, चाचीला बोलवा ना.
दादा बोलवत नाही,
चाची येत नाही,
रबर अडवत नाही,
तेल राहत नाही,
लायनर पकडत नाही,
चाक थांबत नाही,
दगड सुटत नाही,
मला घर नाही,
वर कावळा फिरतोय."

सोपानदादा हसला. म्हणाला, "बिघाड असता तर गाडी ओरडली असती. आवाज नाही, म्हणजे गाडी ठीक."

किरूने वर बघितलं. कावळा खाली खाली येत होता.

"आवाज पाहिजे होय? देतो."

टुण टुण टुण. किरू शिरला चाकात. आणि लागला गायला.

किर्र किर्र किर्रर्रर्र.

सोपानदादाचा चहा सांडला. त्याने चाकाला कान लावला. किर्रर्रर्र. धावत सुटला वळणावर.

"चाची, लवकर चला. माझं चाक ओरडतंय."

दादाने बोलावलं, चाची आली. बाकीच्या चाकांना लाकडी ओंडके लावले. टेम्पो उचलला. खट खट चाक काढलं. आत सगळं तेल तेल. किरू बाहेर आला, मिशा पुसत.

चाची म्हणाली, "आवाजाची वाट बघत बसलास होय, सोपान? तेल गुपचूप गळतं. ते ओरडत नाही."

सोपानदादा कोबीकडे बघत बसला.

चाचीने नवं रबर बसवलं. रबराने अडवलं, तेल राहिलं. नवा लायनर बसवला. मग तेल गळून नळीत शिरलेली हवा काढायची. दादा बसला ब्रेकवर पाय ठेवून.

"दाब." फुस्स.
"सोड."
"दाब." फुस्स.
"सोड."

हवा संपली. चाक बसवलं. दादाने हातब्रेक ओढला. घट्ट. लायनरने पकडलं, चाक थांबलं. ओंडके काढले. टेम्पो हलला? नाही हलला. दगड सुटला.

सोपानदादा दगड फेकायला निघाला. चाचीने मनगट धरलं. "जिथून उचललास, तिथे ठेव."

ठेवला.

किरू आत शिरला. गार गार. कावळा आला, बघितलं, गेला.

तेवढ्यात... किर्र किर्र किर्रर्रर्र.

सोपानदादा दचकला. चाकाला कान लावला. चाक गप्प. दगडाला कान लावला.

किर्रर्रर्र.

"चाची, हा आवाज?"

"तो गाडीचा नाही," चाची म्हणाली. "तो घराच्या मालकाचा."