दारावरचा कपॅसिटर

यंत्रातले भाग आपसात बोलत, त्या काळची गोष्ट. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रात एक ॲम्प्लिफायर राहायचा. भारी संशयी. रुग्णाच्या छातीवरून दोन तारा खबर आणायच्या. दोघी जे एकसारखं सांगत, ते तो फेकून द्यायचा. "ठरवून आल्यात," म्हणायचा. दोघींतला फरक तेवढा खरा मानून तो मोठा करून सांगायचा.

दारावर कपॅसिटर बसे. बदलती खबर तो आत सोडी, न बदलणारी अडवी. ॲम्प्लिफायरला ते खुपलं. "तू माझ्यापासून काहीतरी दडवतोस. बाजूला हो."

"बाहेर कातडीचा एकसुरी आवाज असतो, ठोक्याच्या शंभरपट मोठा. बघ बाबा," म्हणत कपॅसिटर सरकला.

तो आवाज आत घुसला. दोन्ही तारांवर वेगवेगळा होता, म्हणून ॲम्प्लिफायरने तो खरा मानला आणि जीव तोडून मोठा केला. कागदावरची रेघ वरच्या कडेला जाऊन चिकटली.

खाटेवर भामाक्का चहा मागत होत्या आणि सिस्टर डॉक्टरांना सांगत होती, "ठोकाच दिसत नाही. यंत्र भंगारात काढा आता."

"बस रे जागेवर," ॲम्प्लिफायर हळूच म्हणाला. कपॅसिटर बसला, आणि रेघ ठोक्याठोक्याला उसळू लागली.

संशय घ्यायचं त्याने अजून सोडलेलं नाही. फक्त आता पहिला संशय तो स्वतःचा घेतो.