रहाटावरचा शिक्का

ही गोष्ट फार मागची. किती मागची म्हणाल, तर त्या काळी बैलसुद्धा बोलायचे म्हणतात. पण माणसं काही ऐकेनात, तेव्हा कंटाळून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तर अशा त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी पानमळ्यांचं एक गाव होतं.

गाव सुखी होतं. घरोघरी विड्याच्या पानांचे वेल, वेलांना सावली, विहिरींना पाणी. बाकी काही हवं असेल, तर ते दूरच्या बंदरावरून यायचं. बंदराचा सौदागर वर्षातून दोनदा तांडा घेऊन यायचा आणि चावडीसमोर एक लांबलचक कापड पसरायचा. त्या कापडावर नाना वस्तूंची चित्रं काढलेली असत. आपण चित्रावर बोट ठेवायचं, पानांच्या पाट्या भरून द्यायच्या, आणि पुढच्या फेरीला वस्तू घरी हजर. बनवणारा कोण, राहतो कुठे, कुणाला ठाऊक? पण वस्तू येत हे खरं.

आणि वस्तू हातात पडली, की सौदागर गोड हसून विचारायचा, “मालक, अभय हवं का?”

अभय म्हणजे काय, तर वस्तूवर लाखेचा एक लाल शिक्का. त्यासाठी दर फेरीला आणखी एक पाटी पानं द्यायची. शिक्का शाबूत असताना वस्तू बिघडली, तर बंदरावरून नवी मिळणार. मात्र मधे दुसऱ्या कुणी ती उघडली आणि शिक्का फुटला, तर अभय संपलं.

त्या गावात रायाजी नावाचा एक पानमळेवाला होता. माणूस कष्टाळू, मनाने मोकळा, पण भारी धास्तावलेला. त्याने तांब्याच्या हंड्यावर अभय घेतलं. समईवर घेतलं. अहो, पाट्या-वरवंट्यावरसुद्धा घेतलं!

त्याची बायको तुळजा कपाळावर हात मारून म्हणाली, “अहो, दगडाला काय होणार आहे?”

“असू दे गं. शिक्का असला की झोप चांगली लागते.”

“झोप लागायला दिवसभराचं काम पुरे होतं की तुम्हाला!”

रायाजी हसला आणि त्याने पाटीभर पानं मोजून दिली. पानंही साधीसुधी नव्हेत, तर वरच्या मळ्यातली, कोवळी लुसलुशीत. तो वरचा मळा त्याच्या वडिलांनी लावला होता. सगळ्या गावात तसे जुने वेल कुठे नव्हते.

पुढे त्याने बंदरावरून एक रहाट मागवला. रहाट झकास होता. बैल गोल फिरला की लोखंडी पेटीतलं दातेरी चाक फिरायचं, चाकावर गाडग्यांची माळ फिरायची आणि विहिरीचं पाणी थेट पाटात पडायचं. जुनी मोट फाटायलाच आली होती, ती रायाजीने टाकून दिली. लोखंडी पेटीवर सौदागराने लाल शिक्का ठोकला. पुढची कितीतरी वर्षं रायाजी दर फेरीला त्या शिक्क्यासाठी पाटीभर पानं देत राहिला. रहाट काही बिघडला नाही.

मग एका उन्हाळ्यात, ऐन चैत्रात, रहाट ‘कडाक्’ करून थांबला.

रायाजी धावत गेला. पेटीच्या फटीतून दिसतच होतं. चाकाचा एक दात मोडून पडला होता. मानाजी लोहार त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो आला, त्यानेही फटीतून पाहिलं आणि म्हणाला, “हात्तिच्या! एवढंच ना? पेटी उघडतो, नवा दात बसवतो. संध्याकाळी पाणी चालू.”

रायाजी दोन्ही हात पसरून रहाटापुढे उभा राहिला. “खबरदार! शिक्का फुटेल!”

“फुटू दे की.”

“वा रे वा! इतकी वर्षं पाट्याच्या पाट्या पानं दिली, ती काय पाण्यात घालू? आता तर कुठे अभयाची वेळ आली. वैशाख लागला की तांडा येईलच.”

“आणि तोवर वेल काय पितील? तुझा शिक्का?”

रायाजी रहाटापुढून हलला नाही. मानाजी पुटपुटत निघून गेला.

आता पानवेलीचं तुम्हाला सांगायला हवं. ती फार नाजूक. पावसाळ्यात पाणी जास्त झालं तर कुजते, उन्हाळ्यात कमी पडलं तर माना टाकते. एकदा मूळ सुकलं की मग वरून कितीही ओता, ती परत डोळे उघडत नाही.

रायाजी आणि तुळजा हंड्यांनी पाणी वाहू लागली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत विहीर ते मळा, मळा ते विहीर. शेजाऱ्यांनी हात लावला, पण त्यांचेही मळे तहानलेले होतेच. खालचा मळा विहिरीजवळ, तो कसाबसा तगला. वरच्या मळ्यापर्यंत हंडे पोचेनात. तिथली पानं आधी मलूल झाली, मग पिवळी पडली, मग नुसत्या वाऱ्याने गळू लागली.

एके दिवशी तुळजेने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, “अहो, मामंजींच्या हातचे वेल मरताहेत. माझ्याच्याने बघवत नाही. मानाजीभाऊजींना बोलवा.”

रायाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडातून आलं ते एवढंच, “चारच दिवस थांब. तांडा आलाच बघ.”

काय म्हणावं या माणसाला! झाडं मरताना दिसत होती, तरी शिक्क्याकडे बोट. पण हसू नका. एकदा का आपण एखाद्या गोष्टीसाठी खूप काही देऊन बसलो, की ती गोष्ट चुकली असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुमची नाही, माझी नाही, रायाजीची तरी कशी रेटावी?

शेवटी तांडा आला. रायाजी धापा टाकत चावडीवर गेला आणि सौदागराला हाताला धरून मळ्यात घेऊन आला. सौदागराने शिक्का पाहिला. शाबूत! मोडलेला दात पाहिला आणि मान डोलावली.

“मालक, शब्द म्हणजे शब्द. नवाकोरा रहाट मिळेल तुम्हाला. हा बैलगाडीत घालून द्या.”

रायाजीचा चेहरा उजळला. तो तुळजेकडे वळून म्हणाला, “बघ! म्हटलं नव्हतं मी?”

तुळजेने सौदागराला विचारलं, “नवा केव्हा येईल, दादा?”

“गलबतं आता समुद्रात जात नाहीत, बाई. पावसाळा सरला की निघतील. दिवाळीपर्यंत नक्की.”

“आणि आमचा मळा?”

सौदागर गोंधळला. माणूस वाईट नव्हता, त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, “मळ्याचं अभय आम्ही कुठे दिलं होतं? अभय रहाटाचं.”

रायाजी उभ्या जागी थिजला. त्याने वरच्या मळ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून एक धोंडा उचलला आणि त्या लाल शिक्क्यावर घातला. शिक्क्याचे तुकडे झाले.

“अहो मालक, हे काय केलंत? आता अभय संपलं!” सौदागर ओरडला.

“संपू द्या! तुळजे, मानाजीला हाक मार!”

मानाजी हत्यारं घेऊन आला. कुरकुर न करता, टोमणा न मारता त्याने पेटी उघडली, दात घडवला, बसवला. दिवस मावळायच्या आत पाटातून पाणी खळाळलं. खालचा मळा वाचला. वरच्या मळ्यात पाणी पोचलं, पण प्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं. रायाजी रात्र पडेस्तोवर त्या ओल्या मातीत बसून राहिला, आणि वडिलांची आठवण काढून ओक्साबोक्शी रडला.

रायाजी रडून बसणाऱ्यांतला नव्हता. पावसाळ्यात त्याने वरच्या मळ्यात नवे वेल लावले. जी पानं दर फेरीला शिक्क्यासाठी जायची, ती तो मानाजीला देऊ लागला, आणि मानाजी चाकाचे दोन-चार जादा दात घडवून रायाजीच्या घरी ठेवू लागला. फाटकी का होईना, एक मोटही रायाजीने विहिरीवर आणून ठेवली.

पुढच्या फेरीला सौदागराने कापड पसरलं, तेव्हा रायाजीने शिक्का एकाच गोष्टीवर घेतला. गावच्या वैद्यबुवांसाठी मागवलेल्या काचेच्या बरण्यांवर. त्या तडकल्या तर सांधणारं गावात कुणी नव्हतं, आणि नव्या यायला सहा महिने लागले तरी वैद्यबुवांचं मातीच्या बरण्यांवर भागणार होतं.

“आणि पाट्यावर, मालक?” सौदागराने हसून विचारलं.

“त्याच्यावर माझी बायको मसाला वाटते,” रायाजी म्हणाला, “तेवढं पुरे.”

वरच्या मळ्यातले नवे वेल हळूहळू वर चढले. त्यांची पानं चांगलीच निघाली. पण पहिल्या वेलांच्या पानांची चव गावात पुन्हा कुणाला मिळाली नाही.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: वस्तूचं अभय घेण्याआधी ती बंद पडली तर आपलं काय बुडेल ते पाहावं, आणि जे बुडेल ते अभयाने वाचत नसेल, तर ते अभय घेऊ नये.